आणि इतर पुष्कळ

"तुझा हा रेडिओ मेलेल्या माणसालासुद्धा अर्धा मिनिट उशिरा मारतो," नालोंगो माझ्या मानेपाशी पुटपुटली. मानेपाशी, कारण दुपारी एक वाजता माझ्या दुकानात बारा बायका उभ्या असतात आणि जागा आहे तिघींपुरती. "तिकडे मसाक्याला माझी बहीण ऐकते, रडते, डोळे पुसते, मला फोन करते, आणि इथे ही बाई अजून साबणाची जाहिरात ऐकवतेय." नालोंगो शेजारी चहा विकते. जुळी मुलं झाली तेव्हापासून ती नालोंगो, म्हणजे जुळ्यांची आई. खरं नाव विचारलं तर तिलाही जरा थांबावं लागतं. मी म्हटलं, "फुकट ऐकतेस, वर उशीर मोजतेस. एवढी घाई आहे तर गावी जाऊन राहा." "गावी कोण माझा चहा विकत घेणार गं? तिथे प्रत्येकाच्या परसात कॉफी आहे." बायका हसल्या. शेंगदाणेवाली लुसिया म्हणाली, "हळू, हळू, सुरू होतंय," आणि सगळ्यांनी कमरेचे पट्टे उगाच नीट केले. निधनवार्ता ऐकताना आमच्याकडच्या बायका असं करतात. कुणाचं तरी घर येणार, तर आपण नीटनेटक्या असाव्यात, असं काहीसं.

मी वल्कलं विकते. मुतुबा झाडाची साल सोलून, भिजवून, लाकडी हातोड्यांनी ठोकठोक ठोकली की तिचं तांबूस मऊ कापड होतं, आणि आमच्यात माणसाला मातीत ठेवताना त्यात गुंडाळतात. मुलांनी आणलेलं वल्कल अंगाला लागून. सुना-जावयांचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं त्यावरून. कंपालाच्या या बाजारात मसाक्याकडच्या बायका पुष्कळ, पण मसाक्याचं स्टेशन हवेतून इथवर पोचत नाही. ते येतं इंटरनेटवरून माझ्या मोडक्या कॉम्प्युटरवर, अर्धा मिनिट रेंगाळत. कोण गेलं, कुठल्या गावी, माती किती वाजता, कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ, आणि मग मुलांची नावं एकेक करून; शेवटी न चुकता तेच तीन शब्द, 'आणि इतर पुष्कळ'. ज्या बाईचं कुणी गेलेलं असतं ती तिथेच खाली बसते, बाकीच्या तिला उठवतात, मी वल्कल काढून देते, आणि ती बस पकडते. धंदाच आहे, नाही कशाला म्हणू. पण रेडिओ बंद करून नुसती वल्कलं विकायला कुणी सांगितलं, तर मी चहाही विकायला लागेन नालोंगोच्या नाकावर टिच्चून.

तर त्या मंगळवारी साबणाची जाहिरात संपली, निवेदिकेने घसा साफ केला, आणि माझा फोन वाजला. मसाक्याची मावशी. मी कान झाकून म्हटलं, "मावशी, एक वाजलाय, नंतर कर." ती म्हणाली, "तेओपिस्ता, कितालो गं." कितालो आम्ही फक्त कुणी गेलं की म्हणतो. मी विचारलं, "कोण?" मग मावशी, "तू अजून ऐकलं नाहीस?" मी म्हटलं, "माझं उशिरा येतं, तुला माहीत आहे. कोण?" आणि मावशीला काय म्हणावं ते सुचेना. मला ते ऐकू येत होतं, तिचं न सुचणं. माझ्या एक्कावन्न वर्षांत गेलेल्या माणसाचं माझ्याशी नातं सांगणारा शब्द तिला एकदाही लागला नव्हता, आणि ऐनवेळी कुठून आणणार? शेवटी म्हणाली, "कितेंग्याचे म्हातारे. कितेंग्याचे म्हातारे गेले गं." मी फोन हातात धरून उभी राहिले. रेडिओवर कुणा दुसऱ्याच बाईचं निधन चाललं होतं, बुकाकात्याच्या कुणाचं तरी. अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात ते मसाक्यात गेलेले होते आणि माझ्या दुकानात अजून जिवंत होते, आणि ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती. मला वाटलं, वायर ओढावी. ओढली असती तर इथे ते गेलेच नसते. हात पुढेही झाला होता. पण बारा बायका उभ्या होत्या, त्यांतल्या कुणाचं कोण असेल सांगता येत नाही, आणि माझं म्हातारं माणूस थांबवण्यासाठी दुसऱ्यांची अडवायची हे काही बरं नव्हे.

"कितेंगा गावचे श्री. गाब्रिएल मुबिरू, माजी धर्मशिक्षक, यांचं आज पहाटे राहत्या घरी निधन झालं. श्रीमती पावुलीना यांचे पती. दुबईचे डेओग्रासियास, अनातोली, मारिया गोरेत्ती, लेओन्सियो, इमेल्दा, विन्सेंती, रोझा आणि जुस्तीन यांचे वडील. आणि इतर पुष्कळ. माती उद्या दुपारी दोन वाजता." मी कान टवकारून ऐकत होते, का, ते विचारू नका. आपल्याला माहीत असतं की दार उघडणार नाही, तरी कडी वाजली की मान वळते. आठ नावं. आठव्यानंतर निवेदिकेने श्वास घेतला, तेवढ्या जागेत एक नाव सहज बसलं असतं. मग 'इतर पुष्कळ', आणि मी त्यात गेले; शेजारी, कॉफीचे दलाल, चर्चची गायकमंडळी, ज्यांची शेळी कधी त्यांच्या शेतात शिरली असेल ते, आणि मी. पुढची निधनवार्ता सुरू झाली. कुणी हललं नाही. बारा बायका, सगळ्या तिकडच्या, सगळ्यांनी कधी ना कधी त्यांना चर्चच्या पायरीवर पाहिलेलं, आणि मला तर रोजच पाहतात. हे कपाळ, ही भुवयांमधली उभी आठी, हे लांबोडके कान काही मी बाजारातून आणलेले नाहीत. लुसिया शेंगदाण्यांकडे बघत राहिली. एकीने बाळाचं टोपडं काढून पुन्हा घातलं. मी म्हटलं, "कुणाला वल्कल?" आवाज ठीक आला. नालोंगो म्हणाली, "मला दे एक." मी विचारलं, "तुझं कोण?" ती म्हणाली, "कितेंग्याला जायचंय." "तिथे तुझं कोण आहे?" "कुणी नाही," नालोंगो चिडून म्हणाली, "पण एवढ्या लांब बसने एकटीने जाऊ नये बाईने. उद्या सहाला. चहाची बाटली मी आणते."

मी लहान होते तेव्हा ते गुरुवारी यायचे, सायकलवरून, मांडीएवढा रेडिओ कॅरिअरला बांधून. आईची खोली कॉफीच्या गिरणीमागे होती. सगळीकडे टरफलांचा आंबूस वास आणि पायाखाली ती टरफलं, कुरकुर वाजणारी. ते बाकावर बसायचे, रेडिओ गुडघ्यावर, आणि मला बॅटऱ्या काढून द्यायचे. उतरलेल्या बॅटऱ्या उन्हात ठेवल्या की अर्धा तास आणखी जगतात. ते माझं काम. चार बॅटऱ्या दगडावर ओळीने मांडायच्या, दर थोड्या वेळाने कुशीवर वळवायच्या, आणि तापल्या की फ्रॉकच्या ओच्यातून न्यायच्या. पोटाला चटका बसायचा, तो मला आवडायचा. निधनवार्ता लागली की ते एक बोट वर करायचे. आई चुलीपाशी, मी दारात, गिरणी बंद, आणि ते प्रत्येक नाव निवेदकाच्या मागोमाग हलक्या आवाजात म्हणायचे, जणू त्यांनी म्हटल्याशिवाय ते पक्कं होणार नाही. धर्मशिक्षक होते, लग्नाआधी झालेली मुलगी असणं त्यांना परवडण्यासारखं नव्हतं. पुढे चर्चनेच बघून दिलेल्या पावुलीनाशी लग्न झालं, मग एकेक करून आठ. गुरुवार आधी पंधरवड्याने झाले, मग सणावारी, आणि मी नऊ वर्षांची असताना संपले. त्यांना काय हाक मारायची हे ठरायच्या आत ते यायचे बंद झाले. आईने मला काही सांगितलं नाही. फक्त एकदा, सहा वर्षांची असेन, कुणाच्या लग्नात माझ्या पानात धुरावलेला मम्बा मासा पडला, आणि मी घास उचलला तेवढ्यात तिने हातावर चापट मारली. "हे आपण खात नाही." आणि स्वतः माझ्या पानातला तो तुकडा उचलून खाल्ला. तिच्या कुळाला मम्बा चालतो. मुबिरूंच्या कुळाचं ते देवक, त्यांना चालत नाही. मी आजवर खाल्लेला नाही. माझ्या नावाचा हा एवढाच दाखला, एक चापट. शाळेत तिने माझं नाव नामुबिरू लावलं, म्हणजे मुबिरूंच्या कुळातली मुलगी, कुणाला न विचारता. मास्तरांनी वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं आणि लिहिलं. तेव्हापासून माणसांचं हे वर पाहणं आणि खाली पाहणं मला चांगलं ओळखता येतं.

कॉम्प्युटर मी शिकले शेंगदाण्यांवर. लुसिया रद्दीच्या पानांत दाणे बांधते, आणि एका वर्षी तिला कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसची इंग्रजी पुस्तकं किलोवर मिळाली होती. मी दाणे खाऊन कागद वाचणारी बाई आहे. त्याच ऑफिसचा एक कॉम्प्युटर, बिजागरी तुटलेला, अर्धा पडदा मेलेला, माझ्याकडे एका वल्कलाच्या बदल्यात आला होता. चित्रंबित्रं उघडून त्यावर रेडिओ लावला की तो चढावर म्हातारा धापा टाकावा तसा धापा टाकायचा, दर चार शब्दांनी आवाज गिळायचा. 'इथल्या श्रीमती... यांचे... माती...' बायका वेड्या व्हायच्या. मग एका पुडीत ते पान मिळालं. त्यात लिहिलं होतं की अशा अशक्त यंत्रावर चित्रं उघडूच नका. सगळं काढून टाका, काळा पडदा ठेवा, आणि काय हवं ते एका ओळीत लिहून सांगा. वाजवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव, एक मोकळी जागा, स्टेशनचा पत्ता, एंटर. बस. बंद कसं करायचं ते पुढच्या पानावर होतं, आणि पुढच्या पानात दाणे बांधून कुणी टॅक्सीवाला घेऊन गेला होता, त्यामुळे पहिले चार महिने मी रेडिओ बंद करायचा म्हणजे बॅटरीची वायर ओढायची. पण वाजला! मोटारसायकलच्या बॅटरीवर, पत्र्यावरच्या छोट्या सौर पाटीवर, दिवसभर, एक शब्द न गिळता. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ उघडझाप करत बसते, तुम्ही काय सांगता त्याची वाट बघत. माझी एवढी वाट दुसऱ्या कुणी पाहिलेली नाही.

पाच वर्षांपूर्वी काबुये नावाचा कॉफीचा दलाल बोलता बोलता म्हणाला, कितेंग्याचे म्हातारे आता फिरत नाहीत, नजर गेली. आणि गाव डोंगराच्या सावलीत, स्टेशन डोंगरापलीकडे, त्यामुळे रेडिओवर नुसती खरखर. त्या खरखरीपुढे बसून असतात रोज एक वाजता. मी त्याला चहा पाजला आणि त्या आठवड्यात दुसरं काही केलं नाही. एका मोडीत निघालेल्या शाळेच्या सामानात साबणाच्या वडीएवढी कॉम्प्युटरची एक उघडी पाटी मिळाली. पडदा नाही, बटण नाही, काही नाही. ती बिस्किटाच्या डब्यात बसवली, एक स्पीकर, एक मोडेम, एक बॅटरी आणि ती भरायला छोटी सौर पाटी. कितेंग्यासमोरच्या टेकडीवर मोबाइलचा मनोरा आहे, तेवढं पुरे. वीज मिळाली की तिने स्वतःच ती एक ओळ म्हणायची, आणि तुटलं तर पुन्हा म्हणायची, थकायचं नाही, असं मी तिला लिहून दिलं. डबा काबुयेकडे न्यायला दिला, तेव्हा तो म्हणाला, "कुणाकडून म्हणून सांगू?" मी म्हटलं, "सांगू नका." पुढच्या फेरीला त्याने बातमी आणली, अंगण भरतं रोज, आसपासची चार गावं ऐकायला येतात, म्हातारे मधोमध बसून प्रत्येक नाव पुन्हा म्हणतात. आता तर ज्याचं निधन असेल त्याची वार्ता त्या अंगणात ऐकल्याशिवाय प्रेत उचलतच नाहीत. पाच वर्षांचा पायंडा, आणि बोलतात असं की आजोबांच्या आजोबांपासूनचा. "कुणी पाठवला म्हणतात?" "दुबईच्या मुलाने." "आणि तो काय म्हणतो?" "तो काही म्हणत नाही," काबुये म्हणाला आणि वर पाहून खाली पाहिलं. असू दे. मला त्यांच्याकडून निरोप मिळत होता. मोडेममधलं सिम माझ्या नावावर, त्यामुळे डेटा किती उरला ते माझ्या फोनवर यायचं. रोज संध्याकाळी आकडा थोडा उतरलेला. कुणी मुलगी बापाचं पत्र वाचते, मी तो आकडा वाचायची. रविवारी जास्त उतरायचा. प्रार्थनेचं गाणं ऐकत असणार. एकदा आठवडाभर फार कमी उतरला आणि मी जेवले नाही; मग कळलं की ढगाळ होतं, बॅटरी भरली नव्हती.

आणि तीन आठवड्यांपूर्वी स्टेशनने इंटरनेटवरचा पत्ता बदलला. बदलतात असे, कुणाचं काही चुकलं नाही. माझा रेडिओ गप्प झाला, मी फोन करून नवा पत्ता विचारला, एक ओळ बदलली, दहा मिनिटांचं काम. आणि अकराव्या मिनिटाला कळलं की तो डबा आता जुन्याच दारावर थापा मारत राहणार. पुन्हा, पुन्हा, थकू नकोस म्हणून मीच सांगितलेलं. आकडा हलायचा थांबला. तीन आठवडे एकच आकडा. काय करायला हवं होतं ते अगदी सोपं होतं, बसमध्ये बसायचं, अंगणात जायचं आणि म्हणायचं, बाजूला व्हा, हा माझा आहे. पण तसं म्हणणाऱ्या बाईला लोक विचारणारच ना, तू कोण? रोज एक वाजता माझ्या दुकानात बारा बायका ऐकायच्या आणि मला डोंगराखालची ती शांतता ऐकू यायची, डब्यापुढे बसलेलं एक आंधळं माणूस. मी म्हणायची, या शनिवारी जाईन. मग पुढच्या शनिवारी. काबुये येऊन सांगून गेला, म्हातारे सारखे म्हणतात, ज्याने पाठवला त्याला बोलवा. "मग?" "मग पावुलीनाबाईंनी दुबईला फोन लावला." मी त्याला चहा दिला नाही त्या दिवशी.

बुधवारी सकाळी पिशवीत मी सर्वांत जुन्या झाडाचं वल्कल ठेवलं, हातात घेतलं तर पाण्यासारखं ओघळणारं, आणि त्याच्याखाली दुकानातला कीबोर्ड. "तो कशाला?" नालोंगोने बसमध्ये विचारलं. "सवय." "मी केटल आणली नाही सवयीने," नालोंगो म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहत बसली. दर दोन टेकड्यांनी ती मला चहा ओतून द्यायची. कितेंग्याला पोचलो तेव्हा केळीच्या बागेत मांडव भरलेला, बायका घरात वाळल्या केळीच्या पानांवर बसलेल्या, पुरुष खुर्च्यांवर. दाराशी म्हाताऱ्यांचा धाकटा भाऊ, रेमिजियोकाका, वल्कलं मांडून घेत होते. डावीकडे मुलांची आठ, नीट घडी केलेली, उजवीकडे ढीग. मी गुडघे टेकून वल्कल पुढे केलं. "कुणाकडून म्हणू?" त्यांनी विचारलं आणि वर पाहिलं. भावाचंच कपाळ त्यांच्यापुढे टेकलं होतं. मी म्हटलं, "तेओपिस्ता. कंपाला." त्यांचा हात डावीकडे गेला असं मला वाटलं. मग त्यांनी खाली पाहिलं आणि ते उजवीकडच्या ढिगावर ठेवलं. कापडाला कळतं का? मला वाटलं, ते जरा आक्रसलं.

मातीच्या दिवशी वार्ता पुन्हा एकदा लागते, म्हणून पाऊण वाजल्यापासून लोक डब्याकडे बघू लागले. तो ओसरीवर, त्यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी, विणलेल्या रुमालाखाली. गावातला एक म्हातारा काठी आपटून म्हणाला, "गाब्रिएलने सगळ्यांची ऐकली. त्याची ऐकल्याशिवाय मी उचलू देणार नाही." कुणी म्हणालं, डेओच्या मोठ्या फोनवर लावा. डेओ दुबईहून रात्रीच उतरला होता, कडक इस्त्रीचा, घामेजलेला. त्याच्या फोनवर तिकडचं सिम, इथे नेट नाही. "आणि फोन कानाला लावतात," काठीवाला म्हणाला, "हे अंगणाला ऐकू आलं पाहिजे. तूच पाठवलास ना? मग लाव." डेओने रुमाल काढला. डबा हातात घेऊन उलटा केला, पालटा केला, बटण शोधलं. त्याला बटण सापडेना, कारण मी ते ठेवलंच नव्हतं. "सॉफ्टवेअर अपडेट करावं लागेल," तो म्हणाला. "एक वाजायला सात मिनिटं आहेत," काठीवाला म्हणाला, "तेवढ्यात कर." लोक हसले, आणि मला त्या परक्या भावाची, माझ्यासारखेच कान असलेल्या माणसाची, दया आली. पाच वर्षं तो फक्त गप्प बसला होता. मीही तेच केलं होतं. मी उठले. गुडघ्यांना वाळली पानं चिकटलेली, ती झटकायचंही सुचलं नाही. आतून ओसरीपर्यंत नऊ पावलं असतील. बायकांनी पाय आखडून वाट दिली, एकीनेही विचारलं नाही की कुठे चाललीस. "बाजूला हो, बाबा," मी डेओला म्हटलं, आणि पिशवीतून कीबोर्ड काढला.

डब्याला पडदा नव्हता. म्हणजे मी काय लिहिते ते मलाही दिसणार नव्हतं. आधी दोन कळा एकदम दाबून त्या बिचाऱ्या पाटीला थांबवायचं, तीन आठवडे एकच दार ठोठावत होती ती. आणि मग ती ओळ, बिनचूक, न बघता. एक अक्षर चुकलं की शांतता, आणि बरोबर आलं तरी अर्धा मिनिट शांतताच; दोन्ही शांतता सारख्याच दिसतात. मी डोळे मिटले. माझ्या दुकानातल्या कळांवरची अक्षरं केव्हाच पुसली गेली आहेत, बोटांनाच ठाऊक आहे सगळं. प्रोग्रॅमचं नाव. मोकळी जागा. पत्ता. एंटर. डेओ माझ्या कानाशी वाकून, हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बरं झालं आलात. मी यांच्याकडूनच घेतला होता हा, कंपालाच्या आहेत, रेडिओवाल्या." तो मला दार उघडून देत होता, मागच्या बाजूचं, कामाला आलेल्या माणसांचं. मी 'हो' म्हटलं असतं तर सगळे सुटले असते. रेमिजियोकाकांनी तर सुटकेचा श्वास घेतलासुद्धा. मी सेकंद मोजत होते. पंधरा. कुणाची तरी कोंबडी ओसरीवर चढली. वीस. चुकलं असेल का. दोन टिंबं, मग तिरप्या दोन रेघा, लिहिल्या मी? पंचवीस. पुन्हा लिहू की थांबू? पुन्हा लिहिलं आणि पहिलंच बरोबर असेल तर मीच तोडीन. लहानपणी दगडावर बॅटऱ्या मांडून मी अशीच बसायची, तापल्या की नाही ते हात न लावता कळत नाही, आणि हात लावला की थंड होतात. तीस. काठीवाल्याने घसा खाकरला. बत्तीस.

आणि साबणाची जाहिरात लागली. मोठ्यांदा, ठणठणीत, एक शब्द न गिळता, केळीच्या बागेवरून पार पलीकडच्या टेकडीपर्यंत. मांडवातून "ओऽऽ" असा एकच आवाज उठला, काठीवाला म्हातारा चक्क नाचला दोन पावलं, प्रेत घरात असताना, बायकांनी तोंडावर हात आपटून लकेरी काढल्या आणि नालोंगो, जिचं तिथे कुणी नव्हतं, सगळ्यांत मोठ्यांदा ओरडली, "आमच्या बाजारातली आहे ती! अर्धा मिनिट उशिरा येतं, पण येतं!" माझी बोटं अजून कळांवर होती आणि मला ती उचलवत नव्हती. एवढी माणसं माझ्याकडे बघत होती आणि एकानेही खाली पाहिलं नव्हतं. मग निवेदिकेने घसा साफ केला आणि सगळं शांत झालं. कितेंगा गावचे श्री. गाब्रिएल मुबिरू. नावं सुरू झाली. अंगणात रोज त्यांच्या मागोमाग म्हणायची सवय लागलेली, त्यामुळे सगळं अंगण हलक्या आवाजात म्हणू लागलं, डेओग्रासियास, अनातोली, मारिया गोरेत्ती. आठवं नाव आलं, जुस्तीन. निवेदिकेने श्वास घेतला. 'आणि इतर पुष्कळ,' ती म्हणाली. हे मात्र अंगणातलं कुणी म्हणालं नाही.

आतून केळीच्या पानांची सळसळ ऐकू आली. पावुलीना उठत होत्या. दोघींनी धरलं तर त्यांनी हात झटकले. नवरा उचलेपर्यंत विधवेने जागेवरून उठायचं नसतं. त्या दारात आल्या, बारक्या, वाळक्या, चौकटीला धरून. मी गुडघे टेकले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाही की काही नाही. माझ्या कपाळाकडे बघत राहिल्या, एखादी चिठ्ठी वाचावी तशा. "तीन आठवडे ते म्हणत होते, ज्याने पाठवला त्याला बोलवा," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण रेडिओ आता दुसऱ्या कुणाचं सांगत होता आणि तो कुणी ऐकत नव्हतं. "मी दुबईला फोन लावला. दुबईने पाठवलेला नाही हे मला ठाऊक होतं. पाच वर्षं ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही." डेओ म्हणाला, "आई, बस तू आता." "तू गप्प बस. तुला गप्प बसता येतं चांगलं." मग त्यांनी दिराकडे मान वळवली. "रेमिजियो, त्या ढिगातलं हिचं वल्कल काढा आणि इकडे मुलांच्यात सगळ्यांत खाली ठेवा, त्यांच्या अंगाला लागेल असं." काका जागचे हलले नाहीत, नुसते म्हणाले, "वहिनी, लोक आहेत." "म्हणूनच सांगतेय," पावुलीना म्हणाल्या. "यांना आठ मुलं नाहीत. नऊ आहेत. ही त्यांची मुलगी, थोरली."